चोराला ऐकू न येणारा अलार्म

वायरमनच्या दुकानात नाना तऱ्हेची माणसं येतात. कुणाला हॉर्न असा हवा असतो की पुढच्याने रस्ता सोडून पळावं, कुणाला दिवा असा की येणाऱ्याचे डोळे दिपावेत. वायरमन सगळ्यांचं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि शेवटी त्याला बरोबर वाटतं तेच बसवून देतो. पंचवीस वर्षं मोटरसायकलींच्या पोटातल्या वायरी जोडून त्याच्या बोटांना डोळे फुटलेत, असं त्याची बायको म्हणते. लगेच पुढे असंही म्हणते की घरातला बल्ब बदलताना मात्र ते डोळे मिटलेले असतात.

एका सकाळी त्याच्या दुकानात मास्तर आले. मास्तर म्हणजे मागच्या गल्लीतले म्हातारे शिंपी. शिवणकाम बंद करून चार वर्षं झाली होती, पण गळ्यातली टेप काही सुटली नव्हती. बाकीची माणसं घरातून निघताना चष्मा शोधतात, मास्तर टेप शोधायचे. कानांनी त्यांना कमी ऐकू यायचं आणि जगालाही तितकंच कमी ऐकू येतं अशा समजुतीने ते मोठ्याने बोलायचे.

"मोटरसायकलला अलार्म बसवायचाय, मिस्त्री," ते म्हणाले. "पण एक आहे. चोराला तो ऐकू येता कामा नये."

वायरमनला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. "मास्तर, अलार्म चोरालाच ऐकवायचा असतो. तो ऐकतो आणि पळतो. लोक त्यासाठीच तर बसवतात."

"तेच नकोय मला. तो पळता कामा नये."

"मग?"

"मला जाग आली पाहिजे. भोंगा माझ्या उशाशी लावा, गाडी राहू दे शेडमध्ये. त्याने गाडीला हात लावला की इकडे माझ्या कानात वाजलं पाहिजे, तिकडे त्याला कळतासुद्धा नये. जमेल?"

जमण्यासारखं होतं. भोंग्याच्या वायरी लांबवल्या आणि भिंतीला एक भोक पाडलं की झालं. पण असलं काम आजवर कुणी मागितलं नव्हतं, आणि वायरमनचा स्वभाव असा की कारण कळल्याशिवाय त्याचा हात कामाला लागतच नाही. त्याने स्टूल पुढे सरकवलं. मास्तर बसले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी घरची गोष्ट सांगितली.

मास्तरांना दोन मुलं. थोरली लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी. धाकटा मुलगा लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून त्याला सगळे बटण म्हणायचे, आणि मोठा होऊन चांगला उंचापुरा झाला तरी तेच नाव राहिलं. बटणला मशीनवर बसायचं नव्हतं, त्याला मास्तरांनी त्याच्यासाठीच घेतलेल्या गाडीवरून गावोगाव फिरायचं होतं. त्यावरून एका दुपारी बापलेकांची जुंपली. मास्तर रागाच्या भरात म्हणाले, 'गाडी माझ्या घामाची आहे. हात लावायचा नाही. जायचं तर पायी जा.' बटण पायीच गेला. त्याला सहा वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही. थोरलीने शोधायचं बाकी ठेवलं नाही, पण पत्ता लागला नाही.

"आणि आता महिनाभर तो येतोय," मास्तर म्हणाले.

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं असतं तर तुमच्याकडे आलो असतो का? मी जेवून गोळी घेतो, तीन ते चार मेल्यासारखा झोपतो. उठून शेडमध्ये जातो तर गाडीवरचं कापड काढलेलं असतं. नीट घडी करून फळीवर ठेवलेलं. सीट गरम असते, मिस्त्री. माणूस आत्ता उठून गेल्यासारखी गरम. आणि ती घडी... तीनदा दुमडून, मग अर्धी करून, नाड्या आत खोचलेल्या. अशी घडी आमच्या घराबाहेर कुणी घालत नाही. मीच शिकवलीय दोघांना."

"मग एखाद दिवशी जागे राहा ना."

"तीन दिवस राहिलो. तिन्ही दिवस आला नाही. मी झोपलो की येतो. बापाचं तोंड बघायचं नसेल त्याला." मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मला त्याला पकडायचंय. चोर म्हणून नव्हे हो. एकदा सांगायचंय की गाडी तुझीच आहे, आत ये. एवढं सांगेपर्यंत तो पळता कामा नये, बस."

वायरमनलाही एक लेक आहे आणि तीही त्याच्याशी आठवडा आठवडा बोलत नाही. त्याने दुकान बंद केलं. पेटी भरली आणि निघाला.

शेड घराला चिकटूनच होती. तीन बाजूंना पत्रा, चौथी बाजू म्हणजे मास्तरांच्या खोलीची भिंत. घरात जायला एक बुटका दरवाजा, त्याला लाकडी उंबरा. रस्त्याकडच्या दाराला नुसती कडी, तीही बाहेरून बोट घालून काढता येईल अशी. आत जुन्या मशीनच्या तेलाचा वास होता, आणि कोऱ्या कापडाचा, जो शिंप्याच्या घरातून कधीच जात नाही. उजेड म्हणजे पत्र्याच्या फटीतून येईल तेवढा.

मोटरसायकल बघून वायरमन खूश झाला. सहा वर्षं उभी असून तिच्या टाकीत तोंड बघावं. मास्तर दर रविवारी किक मारायचे, बॅटरीत पाणी घालायचे.

"चालवता का?"

"छे, मला कुठे येते चालवायला!" मास्तर म्हणाले. "नुसती जिवंत ठेवलीय."

वायरमनने सीट काढली. अलार्मची पेटी काड्यापेटीहून थोडी मोठी, तिच्यातून वायरींचा झुबका निघालेला. त्याने मास्तरांना समजावून सांगितलं, कारण समजावून सांगायला त्याला आवडतं. लाल वायर बॅटरीच्या प्लसला. काळी गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे अर्थ. वीज लालने येते, काम करते आणि काळीने परत जाते. परतीचा रस्ता नसेल तर ती येतच नाही.

"गाडीत काही चालत नसेल ना मास्तर, तर दहातल्या नऊ वेळा बिघाड काही नसतो. फक्त अर्थ नसतो."

"आमच्या भांडणात तरी कुठे होता," मास्तर म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्याने हसले.

वायरमनचा एक नेम आहे. काळी आधी, लाल शेवटी. पंचवीस वर्षांत तो मोडला नाही. पण त्या दिवशी तो काळ्या वायरीचं टोक सोलून सांगाड्याचा स्क्रू ढिला करत होता, तेवढ्यात मास्तरांनी आतून हाक मारली. उशाशी भोंगा नेमका कुठे हवा, हे त्यांना आडवं पडून दाखवायचं होतं. वायरमन आत गेला. भिंतीला भोक पाडलं, वायरी ओढल्या, भोंगा पलंगाच्या वर ठोकला, मास्तरांच्या म्हणण्यावरून दोन इंच डावीकडे सरकवला, मग पुन्हा एक इंच उजवीकडे. शिंप्याला भिंतीवरचा भोंगासुद्धा मापातच लागतो. बाहेर येईपर्यंत तीन वाजत आले होते. त्याने लाल वायर जोडली, धक्क्याची संवेदना अगदी वर नेली, म्हणजे नुसतं बोट लागलं तरी भोंगा वाजावा, आणि सीट परत बसवली. पेटी तेवढी बाजूच्या झाकणाखाली उघडीच ठेवली, शेवटी चिकटपट्टी मारायची म्हणून.

"मास्तर, पडा पलंगावर. वाजला की ओरडा."

"हां!"

वायरमनने रिमोटचं बटण दाबलं. आता सीटवर नुसती थाप मारायची होती. त्याने हात उचलला. हात सीटला लागण्याआधीच भिंतीपलीकडे भोंगा कोकलायला लागला.

"वाजला! वाजला!" मास्तर आतून ओरडले. त्यांच्या आवाजात एखाद्या लहान मुलाचा आनंद होता.

वायरमनने रिमोटने भोंगा बंद केला. संवेदना फारच वर गेली असणार, असं म्हणत तो पेटीजवळ वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

काळी वायर जोडलेलीच नव्हती. सांगाड्याचा स्क्रू त्याने सोडला होता तसाच ढिला होता.

वायर मोकळी होती, पण खाली लोंबत नव्हती. तिचं सोललेलं टोक सीटच्या कडेला, चार बोटं वर, हवेत थांबलं होतं. सुई ओवताना दोऱ्याचं टोक कुणी चिमटीत धरावं तसं.

आधी त्याने कारागिराला सुचतं तेच केलं. अर्थ दुसरीकडून कुठून मिळतोय ते शोधायला लागला. कधी कधी इंडिकेटरच्या वायरीतून वीज उलटी परतते. पण इंडिकेटर त्याने अजून जोडलेच नव्हते. पेटी प्लास्टिकची. भोंग्याच्या दोन्ही वायरी पेटीतच परत येतात. सगळं दोनदा तपासलं. कुठूनही अर्थ नव्हता, आणि भोंगा तर आत्ताच वाजला होता.

त्याने काळी वायर हळूच ओढली. ती आली, पण लगेच नाही. आधी जराशी अडली.

मग त्याने टेस्ट लॅम्प काढला. वायरमनचं हे सगळ्यात जुनं हत्यार. मध्ये एक लहान बल्ब, एका बाजूला लांब वायर आणि तिच्या टोकाला चिमटा, दुसऱ्या बाजूला सुई. चिमटा बॅटरीच्या प्लसला लावायचा आणि सुई टेकवत जायचं. जिथे अर्थ असेल तिथे दिवा लागतो. त्याने सुई सांगाड्याला लावली. लागला. लाकडी फळीला लावली. नाही लागला, लागायलाही नको. स्वतःच्या तळहाताला लावली. नाही. माणसाच्या अंगातून एवढा दिवा पेटत नाही, हे त्याला ठाऊक होतंच.

मग त्याने सुई सीटच्या वर, मोकळ्या हवेत धरली.

दिवा लागला.

लख्ख नाही. मंद, पिवळा, शांत. त्याने सुई बाजूला घेतली, दिवा विझला. परत आणली, लागला. आता फटींतून येणारा उजेडही कमी झाल्यासारखा वाटत होता आणि शेडमधला वास बदलला होता. तेलाचा नाही, कोऱ्या कापडाचाही नाही. नुकतीच इस्त्री फिरवलेल्या कापडाचा, गरम, ओलसर वास. घरात त्या वेळी इस्त्री चालू नव्हती.

खरं तर त्याने त्याच क्षणी पेटी टाकून पळायला हवं होतं. पण भीती नंतर आली. त्या वेळी त्याच्या मनात फक्त एक थोर नवल भरून राहिलं होतं. आयुष्यभर ज्या न दिसणाऱ्या गोष्टीच्या मागे तो सुई घेऊन फिरला, ती आज पहिल्यांदाच समोर येऊन बसली होती, असं त्याला वाटलं. त्याने श्वास बारीक केला आणि सुई हळूहळू फिरवायला लागला. सीटवरून पुढे टाकीकडे, दिवा लागत गेला आणि एका जागी विझला. तो गुडघा. तिथून खाली पायाच्या खुंटीपर्यंत नडगी. मग वर. कंबर. पाठ, जराशी वाकलेली. दंड, कोपर, आणि कोपरापुढे दिवा थेट हँडलच्या मुठीपर्यंत पेटत गेला. गाडीवर माणूस बसतो तसाच.

दोन्ही खांदे सापडले. सरळ, एका रेषेत. खांद्यांवरून मान, मानेवरून वर डोकं. वायरमन डोक्याचा शेवट शोधायला टाचा उंचावून उभा राहिला. दिवा लागलेलाच होता. तो कोपऱ्यातल्या शिलाईच्या स्टुलावर चढला आणि पत्र्याला हात टेकेपर्यंत सुई वर नेली. दिवा लागलेलाच होता.

तो स्टुलावरून उतरला, सुई तशीच सीटच्या वर धरून.

"काय झालं, मिस्त्री?" बुटक्या दरवाज्यात मास्तर उभे होते. "परत वाजवा ना..." त्यांनी वायरमनचं तोंड पाहिलं. मग त्याच्या हातातला दिवा पाहिला. काहीच नसलेल्या जागी लागलेला. "काय आहे ते?"

"मास्तर, आत जा. इथे... इथे काहीतरी आहे."

"कुठे?"

वायरमनने सुई फिरवून दाखवली. गुडघा. कंबर. कोपर. त्याला वाटलं, म्हातारा ओरडेल, नाहीतर कोसळेल. मास्तर उंबरा ओलांडून गाडीजवळ आले.

"बसलाय?" त्यांनी विचारलं. "गाडीवर बसलाय?"

"बसल्यासारखं... आहे."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. त्यांचे हात सफाईने चालले, आयुष्यभर केलेलं काम हातात आलं की चालतात तसे. "लहानपणी झाडावरून पडला होता," ते म्हणाले. "सात वर्षांचा होता. तेव्हापासून उजवा खांदा अर्धा इंच उतरता. प्रत्येक शर्टाला मी आतून पट्टी घालायचो. बघा बरं उजवा खांदा."

वायरमनने सुई उजव्या खांद्यावर आणली. दिवा लागला. त्याने सुई हळूच वर घेतली, दिवा विझला. मास्तरांनी टेप धरली. एक टोक डाव्या खांद्यापाशी, दुसरं उजव्या.

उजवा खांदा अर्धा इंच खाली होता.

वायरमनला आठवलं की मघाशी तो तसा नव्हता. अगदी नक्की आठवलं. पण मघाशी टेप नव्हती, नुसत्या नजरेने माणसाचं चुकतं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

"पाठ साडेसतरा," मास्तर म्हणाले. वायरमनने सुई एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेली आणि टेपवर साडेसतरा निघाले. "बाही चोवीस." चोवीस. "उंचीला माझ्या कानाच्या वर चार बोटं. बसल्यावर डोकं इथे यायला हवं." त्यांनी हवेत हात धरला. वायरमनने सुई तिथे नेली. दिवा त्या हातापर्यंत लागला आणि त्याच्या वर विझला.

आपल्या कामाचा एक साधा नियम वायरमनच्या ध्यानात होता. आधी मोजायचं, मग आकडा बोलायचा. आधी आकडा बोललात की हात तोच आकडा शोधत जातो. मास्तर प्रत्येक माप आधी बोलत होते. हे त्यांना सांगायला हवं होतं. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून त्याची जीभ उचलली नाही.

"माझाच आहे," मास्तर म्हणाले. "बटणच आहे." मग त्यांना उरलेलंही समजलं. जिवंत मुलगा असा नुसत्या दिव्यात दिसत नसतो. ते टेप हातात घेऊन खाली जमिनीवर बसले आणि रडले, आवाज न करता. मोठ्याने बोलणारा तो माणूस इतका हळू रडू शकतो, हे वायरमनला माहीत नव्हतं. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"कधी गेलास रे?" मास्तर विचारत होते. "कुठे गेलास? मला कुणी कळवलंसुद्धा नाही... मी तुला पायी घालवलं. गाडी तुझीच होती. तेव्हाही तुझीच होती." ते उठले आणि सीटजवळ हात नेला, पण टेकवला नाही. "आता इथे बाहेर बसू नकोस. आत ये. घर तुझंच आहे. मी असेपर्यंत तुला कुणी जा म्हणणार नाही. ये बाळा... आत ये."

हातातला दिवा एकदम लख्ख झाला. सांगाड्याला लावल्यावर होतो तितका. वायरमनने दचकून सुई मागे घेतली.

तेवढ्यात घरात फोन वाजला. ऐकू यावा म्हणून मास्तरांनी त्याची घंटा भलतीच मोठी करून ठेवली होती. पहिल्यांदा ते हललेच नाहीत. घंटा थांबली आणि परत सुरू झाली. मग डोळे पुसत ते आत गेले आणि वायरमन शेडमध्ये एकटा राहिला.

"हां, बोल थोरले," आतून मास्तरांचा आवाज आला. समोरचं माणूस जे बोलेल ते फोनवर पुन्हा मोठ्याने म्हणायची त्यांची सवय होती, बरोबर ऐकलं ना याची खात्री करायला. "काय? कोण आलंय?... कोण?"

आत पलंग करकरला.

"बटण? बटण तुझ्याकडे आलाय? सकाळपासून? जेवून तुझ्यासमोरच बसलाय?... दे. दे त्याला फोन... बटण? अरे... अरे तू बोलतोयस? मोठ्याने बोल रे, मला ऐकू येत नाही... तूच ना? जिवंत आहेस ना?" आणि मग त्यांचं हसणं ऐकू आलं. हसणं की रडणं ते कळू नये असं. "लग्न केलंस? मुलगी आहे? चार वर्षांची? अरे गाढवा, बापाला कळवायचं नाही?"

वायरमनला क्षणभर इतका आनंद झाला की तोही हसला. बटण जिवंत होता. दुसऱ्या गावात बहिणीसमोर बसला होता. सहा वर्षांची दुपार संपली होती.

मग त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. बटण सकाळपासून तिकडे बसला होता.

त्याने सुई सीटच्या वर नेली. दिवा लागला नाही. गुडघा असायचा तिथे नाही, खांदा असायचा तिथे नाही. सीट मोकळी होती. सुटलो, असं म्हणून त्याने टेस्ट लॅम्प गुंडाळायला घेतला. वायर ओढताना सुई गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली, आणि दिवा लागला. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर. त्याने सुई वर नेली. लागलेलाच. ते गाडीवरून उतरून उभं होतं.

त्याने हात पुढे केला. सुई एक पाऊल पुढे गेली तेव्हा मागची जागा विझलेली होती आणि पुढची पेटलेली. आणखी एक पाऊल, घराच्या बाजूला. इस्त्रीचा वास आता त्या बुटक्या दरवाज्याकडून येत होता. वायरमन त्याच्यामागून सरकत गेला, दिवा हातात धरून. उंबऱ्यापासून हातभर अलीकडे बॅटरीवरचा चिमटा ताणला गेला. दिवा पेटलेला होता. वायर तिथवरच पुरत होती.

"मास्तर!" तो ओरडला. "मास्तर, बाहेर या!"

"हो, हो, उद्याच ये. सगळ्यांना घेऊन ये," आतून उत्तर आलं, पण ते त्याला नव्हतं. मास्तरांना त्याची हाक ऐकूच गेली नव्हती.

त्याने खिशातला रिमोट काढला आणि भोंग्याचं बटण दाबलं. उशाशीच होता तो भोंगा, त्यासाठीच लावला होता. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. भोंगा वाजला नाही. काळी वायर अजून मोकळीच होती, आणि आता ती खाली, सरळ जमिनीकडे लोंबत होती.

आत मास्तर बोलता बोलता थांबले.

"बटण, एक मिनिट हं... फोन धर," ते म्हणाले. आणि मग, आयुष्यात कधी बोलले नसतील इतक्या हळू, अगदी जवळ उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं, त्यांनी विचारलं, "अरे... तू इथे कधी आलास?"